घरपोच भाडेकरार सेवा: अंगठा चाळीस मिनिटांत, मुदत मात्र भांडून

गेल्या जूनमध्ये घेतलेल्या सेवेचा रिव्ह्यू मी दहा महिन्यांनी लिहितेय, आणि मुद्दाम उशिरा लिहितेय. घरपोच भाडेकरार करून देणाऱ्यांचे बहुतेक रिव्ह्यू त्याच रात्री लिहिलेले असतात. मुलगा वेळेवर आला, काम पटकन झालं, पाच स्टार. खोटं नसतं ते. पण करार कसा झालाय ते सही करताना कळत नाही. गीझर बंद पडतो आणि दुरुस्ती कुणी करायची यावरून फोनाफोनी होते, तेव्हा कळतं.

मी सदाशिव पेठेत एका सीएंच्या ऑफिसात हिशेब बघते. घरी आई आणि सातवीतला मुलगा. आठ वर्षांत आमची पाच घरं झाली: कर्वेनगर, वारजे, परत कर्वेनगर, मध्ये एक वर्ष कोथरूड, आता पुन्हा वारजे. पाच घरं म्हणजे पाच ब्रोकर, पाच टेम्पो आणि पाच वेळा ‘मिस्टर काय करतात?’ या प्रश्नाचं उत्तर. भाडेकराराच्या बाबतीत मला अनुभवी गिऱ्हाईक म्हणायला हरकत नाही.

कंपनीचं नाव देत नाही. पुण्यात अशी सेवा देणारे गल्लोगल्ली आहेत आणि त्यांचा मसुदा, दर, बोलणं सगळं एकाच साच्यातलं. एकाबद्दल लिहिलं तरी दहा जणांना लागू पडेल.

कंपनीचा पोरगा रात्री साडेआठला येतो म्हणाला होता, आठ चाळीसला आला. पाठीला सॅक, हातात हेल्मेट, वय फार तर चोवीस. आल्या आल्या पाणी मागितलं, लॅपटॉप डायनिंग टेबलवर उघडला, मोबाईलवरून नेट जोडलं आणि अंगठ्याचं छोटं यंत्र पुढे सरकवलं. माझा अंगठा पहिल्या फटक्यात लागला. काकूंचा दुसऱ्या. काका, म्हणजे आमचे ओनर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर. त्यांच्या अंगठ्यावर रेषा म्हणून काही उरलेलंच नाही. पोराने ओल्या कपड्याने पुसून पाहिला, कोरडा करून पाहिला, ‘काका, जरा जोरात दाबा’, ‘काका, जरा हलका ठेवा’ असं दोन्ही सांगून झालं. मग आईने आतून खोबरेल तेलाची बाटली आणली. तेल चोळून पुसल्यावरही अंगठा नाहीच, शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. काका म्हणाले, ‘नोकरीत पस्तीस वर्षं सही केली, आता बोटाला किंमत आली.’ एकूण वेळ चाळीस मिनिटं, त्यातली पंधरा काकांच्या बोटांची. दुय्यम निबंधक कार्यालयात जायचं नाही, रजा टाकायची नाही, टोकन घ्यायचं नाही. तीन दिवसांत नोंदणी झालेली पीडीएफ मेलवर. सेवेच्या या भागाला मी पाच स्टार देते, हात न आखडता.

त्या चाळीस मिनिटांत अंगठ्याच्या आधी जे झालं, ते आता सांगते.

पोराने मसुदा उघडला तेव्हा मुदतीच्या रकान्यात ११ आधीच भरलेले होते. मी म्हटलं, छत्तीस करा. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. ‘मॅडम, सगळे अकराचाच करतात.’ का करतात, विचारलं. ‘कायदाच आहे तसा.’ तसा कायदा नाही, ते मला ऑफिसातल्या कामामुळे माहीत होतं. अकरा महिने हे १९०८ च्या नोंदणी कायद्यातून आलेलं आहे. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून देशभर लोक अकरावर थांबतात आणि नोंदणी टाळतात. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे आमच्यासारख्या ठरावीक मुदतीच्या कराराची नोंदणी कितीही महिन्यांसाठी सक्तीची केली आहे. म्हणजे अकरा करून इथे वाचत काहीच नाही. साठ महिन्यांपर्यंत करता येतो आणि मुद्रांक शुल्क त्याच पाव टक्क्याने लागतं. तरी रकाना अकराचाच. सवय म्हणा, किंवा ज्यांचं पोट नूतनीकरणावर चालतं त्यांची सोय म्हणा.

हिशेब करायची मला खोड आहे, तिथेच मांडून दाखवला. भाडं २४,०००, दरवर्षी ५ टक्के वाढ, डिपॉझिट १ लाख. छत्तीस महिन्यांचं एकूण भाडं ९,०७,९२०. त्यात डिपॉझिटवर १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं, तीन वर्षांचं ३०,०००. त्यावर पाव टक्का, म्हणजे साधारण २,३५० रुपये शुल्क. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, हँडलिंगचे ३००, या पोराच्या कंपनीचे १,२००. झाले ४,८५०. हेच अकरा-अकराचे तीन करार केले तर शुल्क जवळजवळ तेवढंच, पण बाकी सगळं तिप्पट, म्हणजे ९,६५० च्या घरात. आणि प्रत्येक नूतनीकरणाला ब्रोकर अर्धा महिना मागतो तो वेगळाच. काका हिशेबी माणूस. त्यांनी कागद उलटा करून स्वतः पुन्हा बेरीज केली आणि म्हणाले, ‘मग लोक अकराचा का करतात?’

त्याचं उत्तर पाच मिनिटांनी त्यांनीच दिलं. ‘तीन वर्षं म्हणजे... तुम्ही बसून राहणार नाही ना?’

ही भीती आमच्या काकांची एकट्यांची नाही, आणि वेडगळ तर मुळीच नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. युद्धानंतरच्या टंचाईत ते बरोबरच होतं. पण पुढे पन्नास वर्षं ती गाठ कुणी सोडली नाही. मालकांनी पळवाट काढली, भाडेकरू न म्हणता लायसन्सी म्हणायचं, म्हणजे नुसती राहायची परवानगी दिलेला. तर १९७३ मध्ये दुरुस्ती आली आणि १ फेब्रुवारीला जे लायसन्सी घरात होते ते सगळे रातोरात संरक्षित भाडेकरू झाले. ‘रूम दिली ती गेली’ हे वाक्य काकांच्या पिढीने घराघरांत ऐकलेलं आहे. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेली भाडी अवाजवी ठरवली, त्यानंतर १९९९ चा कायदा आला. त्यात लीव्ह अँड लायसन्सवाल्याला मुदत संपल्यावर बाहेर काढायची स्वतंत्र आणि तुलनेने सोपी वाट आहे, लेखी करार हाच निर्णायक पुरावा, आणि मुदतीनंतर बसून राहणाऱ्याला दुप्पट भरपाई. कायद्याने मालकाची भीती संपवली त्याला पंचवीस वर्षं झाली. अकराचा आकडा मात्र अजून त्या भीतीवर चालतो.

जुन्या कायद्याचं मला काही कौतुक नाही. माझी आत्या गिरगावात चाळीत राहते. भाडं आजही तीन आकडी. नव्या कायद्याने जुन्या भाड्यांना वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण मुळात आकडाच एवढासा की त्याचे ४ टक्के म्हणजे एक वडापाव. मालक दुरुस्ती करत नाही, करावी तरी कशातून? जिन्याला लोखंडी टेकू लावलेत, ते इतकी वर्षं तिथे आहेत की आत्या त्यांच्यावर पायपुसणं वाळत घालते. मुंबईत अशा जुन्या इमारतींची संख्या एके काळी १९,००० च्या पुढे होती, आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये सरकारला उपकर बसवून वेगळं मंडळ काढावं लागलं. आत्याला ‘घर खाली करा’ असं कुणी म्हणू शकत नाही. ती तिथे लग्न होऊन आली, तिथेच म्हातारी झाली. पण तिच्या मुलाला गिरगावात भाड्याने खोली मिळाली नाही, तो विरारला गेला. आत असलेल्याला संपूर्ण कवच आणि बाहेरच्याला दारच नाही, असा तो कायदा होता. रिकामी खोली भाड्याने द्यायचं मालकांनी बंद केलं, पागडीचा, म्हणजे खोलीसाठी भाड्याशिवाय वरून घ्यायच्या रकमेचा काळा व्यवहार वाढला. पुढे १९९९ च्या कायद्याने पागडीलाही मान्यता देऊन टाकली.

तेव्हा घरपोच सेवेसारखी सोपी, विश्वासाची व्यवस्था हवीच. काकांसारखा माणूस फ्लॅट भाड्याने देतो तो तिच्या भरवशावरच. आमच्या स्वयंपाकघराच्या गॅलरीतून बी विंग दिसते, ४४ फ्लॅट. मागच्या दिवाळीत मुलाने खेळ म्हणून आकाशकंदील मोजले. अकरा गॅलऱ्या काळ्या. दोन कुटुंबं गावाला गेली होती, बाकीच्या नऊ फ्लॅटांत ताबा मिळाल्यापासून कुणी राहायलाच आलेलं नाही, हे वॉचमन मामांनी सांगितलं. त्यातले तीन एकाच माणसाचे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या वर घरं रिकामी निघाली होती, एकट्या मुंबईत ४ लाख ८० हजारांच्या आसपास. ऑफिसात आकडे पाहताना ते नुसते आकडे असतात. गॅलरीतून नऊ काळे चौकोन रोज दिसले की चीड येते.

माणूस ऐंशी-नव्वद लाखांची वस्तू कुलूप लावून का ठेवतो? काकांचाच हिशेब घेते, त्यांनी मोकळेपणाने सांगितला म्हणून. २०२० च्या शेवटी मुद्रांक शुल्कात कपात होती, तेव्हा त्यांनी हा दुसरा फ्लॅट घेतला. निवृत्तीचे पैसे आणि काकूंच्या माहेरची जमीन विकून आलेले. पडला ७२ लाखांना, आज ब्रोकर ९५ म्हणतो. भाड्याचे वर्षाला २,८८,०००. त्यातून मेंटेनन्स ३६,००० गेला. घरपट्टी गेली, आणि तीही चढी, कारण पुणे महापालिकेची ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यालाच मिळते. हातात उरतात २,३४,०००. म्हणजे ९५ लाखांवर अडीच टक्के. मुदत ठेवीत टाकले असते तर याच्या दुपटीहून जास्त मिळाले असते. ‘मग ठेवला कशाला?’ मी विचारलं. ‘अहो, भाव वाढतोय ना.’ भाडं हे त्यांच्या लेखी चहापाणी, खरी कमाई भाववाढीची. त्यामुळे अडीच टक्क्यांसाठी भाडेकरूची कटकट नको असं बी विंगमधल्या तीन फ्लॅटवाल्याला वाटलं तर ते त्याच्या हिशेबात बसतं. वर २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पाने दुसऱ्या रिकाम्या घराच्या काल्पनिक भाड्यावरचा आयकरही काढून टाकला. आधी दुसरं घर कुलूपबंद ठेवलं तरी ‘भाडं आलं असतं’ असं धरून कर लागायचा. तो रकाना रिटर्नमधून गेला तेव्हा आमच्या ऑफिसातल्या पक्षकारांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

आणि भाववाढीवर जगणारा तो गुंतवणूकदार ज्या किमतीला विकत घेतो, त्याच किमतीला मलाही घ्यावं लागतं. ९५ लाखांच्या फ्लॅटला १९ लाख स्वतःचे घालायचे. उरलेल्या ७६ लाखांचा साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ६६,००० च्या जवळ जातो. माझा पगार ५२,०००. यापुढे हिशेब करायला काही उरत नाही. आईच्या पेन्शनमुळे २४,००० भाडं तरी झेपतं. ‘भाड्यात पैसे फुकट घालवण्यापेक्षा हप्ता भर’ असं सांगणाऱ्या सगळ्या नातेवाइकांना मी हे चार आकडे पाठवून ठेवलेत, हल्ली सल्ले कमी येतात.

आता मी छत्तीसवर का अडून बसले ते. २०२२ मध्ये आम्ही वारज्यात होतो, भाडं १६,०००. ते कोरोनाच्या मंदीतलं होतं, स्वस्त. दहाव्या महिन्यात त्या वेळच्या ओनरचा फोन, मुलाचं लग्न ठरलंय, घर लागेल. मी अभिनंदन केलं, खाली करून दिलं. महिन्याभराने साईटवर फोटोंसकट तोच फ्लॅट २२,००० ला. फोटोत माझ्या आईने लावलेली कढीपत्त्याची कुंडी तशीच होती, ती टेम्पोत बसली नव्हती. त्या महिन्यात मला नवीन घर २१,००० ला मिळालं. ब्रोकरेज एक महिना, २१,०००. टेम्पो आणि माणसं ७,०००. जुन्या ओनरने रंगकामाचे म्हणून डिपॉझिटमधून १२,००० कापले. वायफाय, गॅस, पडदे, नळ धरून २,०००. एकूण ४२,०००, अकरा महिन्यांवर पसरले तर महिन्याला ३,८०० च्या वर. म्हणजे माझं भाडं २१,००० नव्हतंच, जवळजवळ पंचवीस होतं, ते करारावर लिहिलेलं नव्हतं एवढंच. हेच ४२,००० छत्तीस महिन्यांवर पसरले तर ११७० सुद्धा होत नाहीत. घरभाडं परवडत नाही असं म्हणताना सगळे भाड्याच्या आकड्याकडे बघतात. मला परवडलं नाही ते दर अकरा महिन्यांनी उठणं. शिवाय दर वेळी नव्या माणसाला नवा रेट सांगता येतो. बसलेल्या भाडेकरूला एका फटक्यात सहा हजार वाढवायला ओनरची जीभ जड होते, नवख्याला सांगायला नाही.

तर छत्तीस लिहून झाले. पण मुदत लिहिली म्हणजे झालं असं नाही, आणि इथे या सेवेचे स्टार जातात. तयार मसुद्यात अट अशी: बारा महिने लॉक-इन, म्हणजे त्याआधी करार सोडता येणार नाही, तेही फक्त भाडेकरूला. ओनरने मात्र एक महिन्याची नोटीस देऊन केव्हाही करार संपवायचा. म्हणजे छत्तीसचा आकडा नुसता शोभेचा. मी आधी सोडलं तर भाडं भरायचं, त्यांनी सोडायला लावलं तर टेम्पो बोलवायचा. पोराला म्हटलं, लॉक-इन दोघांनाही सारखं कर. ‘मॅडम, टेम्प्लेट फिक्स आहे.’ मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले, मसुदा खाली खाली नेला. शेवटी इतर अटी लिहायची रिकामी चौकट निघालीच. दोन वर्षं त्यात काम करतोय, एकदाही वापरली नव्हती त्याने. तिथे आम्ही चार ओळी लिहिल्या. चोवीस महिने ओनरनेही करार संपवायचा नाही, पुढे दोन्हीकडून दोन महिन्यांची नोटीस. वाढ ५ टक्क्यांवर नाही. गीझर, मोटर, नळजोडणीची मोठी दुरुस्ती ओनरची. रंगकामाची कपात नाही, छत्तीस महिने राहिलो तर. चौथ्या ओळीला काकू म्हणाल्या, ‘तीन वर्षांनी रंग आम्हालाच द्यायचा असतो की.’ काकूंना माझ्याकडून सहावा स्टार.

काकांनी मान्य कशामुळे केलं? दोन गोष्टी त्यांना पटल्या. तीन वर्षं ब्रोकर नाही, आणि घर एक महिनाही रिकामं नाही. रिकाम्या एका महिन्याचे २४,००० म्हणजे दोन वर्षांच्या पाच टक्के वाढीतलं बरंचसं धुऊन जातं. अडीच टक्क्यांच्या धंद्यात हे जड पडतं. मला वाटतं बऱ्याच छोट्या ओनरना हे कुणी मांडून दाखवत नाही. तीन-तीन फ्लॅटवाल्याला दाखवून उपयोग नाही, त्याचा खेळ निराळा.

डिपॉझिटवर मात्र मी हरले. १ लाख म्हणजे चार महिन्यांहून जास्त. केंद्राच्या २०२१ च्या मॉडेल टेनन्सी कायद्यात राहत्या घराला दोन महिन्यांची मर्यादा आहे, त्या हिशेबाने ४८,००० व्हायला हवे होते. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. काकांना सांगितलं तर म्हणाले, ‘नमुनाच आहे ना मग.’

अजून एक. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि नोंदणी नसताना वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते आधी खरं धरायचं, खोडून काढायचं काम मालकाचं. हे त्या सेवेच्या जाहिरातीत कुठेही नाही. जाहिरातीत काय आहे? ‘ओनर्स, निर्धास्त राहा.’ बिल अर्धं-अर्धं होतं, निर्धास्त एकच पार्टी. माझ्या अर्ध्या पैशांत निदान एक छापील पान तरी द्या: अट वाचा, चौकट वापरा, मुदत वाढवून मागा. एवढं केलंत तर पाच स्टार पूर्ण करेन.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती भरायचं काम त्याच पोराने करून दिलं, वेगळे पैसे न मागता. सोसायटीला द्यायच्या प्रतीचा त्याने प्रिंटही आणून दिला. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटीने काकांना नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावले, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर लावता येत नाहीत हे मीच सेक्रेटरींना दाखवलं. आता लिफ्टमध्ये ते माझ्याशी फार बोलत नाहीत. काकांचे मात्र महिन्याला तीनशे वाचतात. डिसेंबरात गीझर गेला तेव्हा त्यांनी ‘इतर अटी’ वाचून न दाखवताच माणूस पाठवला.

ज्यांना बोलवायचं आहे त्यांच्यासाठी: आधार आणि पॅन जवळ ठेवा, मोबाईल आधारला जोडलेला हवा, आणि घरात सत्तरीपुढचं कुणी सही करणार असेल तर दुपारी बोलवा, बोट लागायला वेळ जातो. मसुदा आदल्या दिवशी मेलवर मागवा. देत नाहीत, मागे लागावं लागतं. बायकांनी आपली नोकरी, पगार, पूर्वीच्या ओनरचा नंबर सगळं आधीच सांगून टाकावं, मग मिस्टरांपर्यंत गाडी जायला वेळ लागतो. वेळेला पाच, अंगठ्याला पाच, मसुद्याला दोन. सरासरी काढून चार देतेय, पोरासाठी.

परवा सकाळी कंपनीचा मेसेज आला. ‘प्रिय ग्राहक, तुमच्या भाडेकराराची मुदत लवकरच संपत आहे. नूतनीकरणासाठी आजच संपर्क साधा, ब्रोकर हवा असल्यास तेही कळवा.’ मी लिहिलं, अजून २६ महिने बाकी आहेत, चौकट बघा. दहा मिनिटांनी उत्तर आलं, नुसता एक अंगठा.